तिसऱ्यांदा विचारलंच नाही

वर्लिन टॉफ्टेने आपला ट्रक कोठारात ठेवला तो ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी. बॅटरीच्या तारा सोडल्या, चाकांखाली फळ्या सरकवल्या, बॉनेटवर जुनी गोधडी टाकली आणि तापात पडलेल्या लेकराला पांघरूण घालावं तशी वरून ताडपत्री चारी बाजूंनी खोचली. मग शेजारची मोटरसायकल ढकलत ढकलत अंगणात आणली.

त्या शनिवारी सगळ्या नॉर्डबी गावात हेच काम चाललं होतं, फक्त उलटं. लोक मोटरसायकली आत ढकलत होते आणि ट्रक बाहेर काढत होते.

रस्त्याने जाता जाता गेलन ब्राटवोल्ड थांबला. दोघं एकाच कारखान्यात खिडक्यांना काचा बसवायचे, एकाच चर्चमध्ये एकाच बाकावर बसायचे.

"वर्लिन, चुकून भलतंच आत ठेवलंस की काय?"

"नाही. बरोबर ठेवलंय."

"बरं," गेलन म्हणाला. नॉर्डबीत 'बरं' म्हटलं की त्याच्यापुढे कोणी काही बोलत नाही. तुझं डोकं फिरलंय, हेसुद्धा तिथे 'बरं' म्हणूनच सांगतात.

लोकांना सांगायला कारण होतं पेट्रोलचं, आणि ते खोटंही नव्हतं. ट्रक पेट्रोल प्यायचा, मोटरसायकल नुसता वास घ्यायची. शिवाय ट्रक उभाच राहणार म्हणून हिवाळ्यापुरता त्याचा विमाही बंद केला होता. पण खरं कारण होतं मीठ. पहिला बर्फ पडला की तो वितळावा म्हणून सरकारी गाड्या रस्त्यावर मीठ ओतत फिरतात, आणि ते मीठ बर्फाआधी लोखंड खातं. टॉफ्टे घराण्यातले सगळे ट्रक असेच मेले. वर्लिनच्या वडिलांच्या ट्रकचा तळ इतका झडला होता की आत बसून खालचा रस्ता पळताना दिसायचा. वर्लिनने जन्मभर दुसऱ्यांच्या टाकलेल्या गाड्या चालवल्या आणि पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदा नवा कोरा लाल ट्रक घेतला. पहिल्याच हिवाळ्यात मागच्या चाकावरच्या पत्र्याला मसुरीच्या डाळीएवढा तपकिरी ठिपका निघाला. त्या दिवशी तो जेवला नाही. घरातलं माणूस गेल्यासारखा बसून राहिला, आणि उठला तो ठरवूनच. ट्रकला मीठ दाखवायचं नाही.

"अरे, मग ट्रक घेतलास कशाला?" बायकोने, लव्हॉनने, विचारलं.

"टिकवायला."

"आणि तू?"

"मी काय गंजणार आहे?"

लव्हॉन वृद्धाश्रमात कामाला होती, कारखान्याच्या बरोबर उलट्या दिशेला, आणि निघायची उजाडायच्या आत. म्हणजे तिच्या गाडीचा काही उपयोग नव्हता. ती एवढंच म्हणाली, "हातापायाने अधू माणसं मी दिवसभर सांभाळते. घरी आल्यावर आणखी एक सांभाळायला लावू नकोस."

वर्लिन अगदीच वेडा नव्हता. मोटरसायकलला त्याने साइडकार जोडली होती, म्हणजे बर्फावर घसरायची भीती कमी. साइडकारमध्ये वजनाला वाळूचं पोतं. अंगात लोकरीचं, त्यावर लोकरीचं, त्यावर शिकारीचा कोट, त्यावर गोठ्यात घालायचा अंगरखा. सगळं चढवून तो बाहेर आला की मागून साइडकारमधलं पोतं कुठलं आणि हँडलमागचं कुठलं ते चटकन कळत नसे.

नोव्हेंबरात एका सकाळी पहिली खरी थंडी पडली. धान्याच्या गोदामाजवळच्या वळणावर वर्लिन आला तेव्हा त्याच्या मिशा हेल्मेटला चिकटल्या होत्या. मागून गेलनची व्हॅन आली. गेलन रोज दोघांना कामावर घेऊन जायचा, रोलीला आणि मर्नाला. चौथी जागा रिकामी होती. व्हॅन हळू झाली, काच खाली आली, आणि आतली ऊब वर्लिनच्या नाकाला लागून गेली.

आता इथला रिवाज असा, की कोणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नकोच म्हणायचं, पण जरा थांबून, म्हणजे मन होतंय हे समोरच्याला कळतं. तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, तुला त्रास नसेल तर' म्हणून घ्यायचं. पहिल्याच खेपेला हो म्हणणारा हावरट, आणि तिसऱ्यांदा न विचारणारा बाहेरगावचा. चर्चच्या तळघरात कॉफीसोबत लिंबाच्या वड्या ठेवतात, त्यातली शेवटची वडी कोणीच उचलत नाही. एक जण अर्धी कापतो, दुसरा त्या अर्धीची अर्धी, आणि शेवटी ताटलीत चिमणीलाही पुरणार नाही एवढा कण राहतो. तो धुतला जातो, पण खाल्ला जात नाही.

"ये आत वर्लिन. जागा आहे," गेलन म्हणाला.

"छे छे. मजेत आहे मी."

"अरे ये की. सीट रिकामीच जाते रोज."

वर्लिन नीट थांबला. आभाळाकडे बघितलं. मग म्हणाला, "नको... तुम्हाला उगाच अडचण."

गेलनने तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं आणि नेमका मागून मिठाच्या गाडीने भोंगा वाजवला. गेलनने उभ्या जन्मात कोणाची वाट अडवली नव्हती. तो दचकला, हात हलवला आणि निघून गेला. 'बरं, तुला त्रास नसेल तर' हे शब्द वर्लिनच्या जिभेवर तयार होते, ते तिथेच गोठले. मिठाची गाडी शेजारून गेली आणि जाता जाता त्याच्या अंगावर मूठभर मीठ टाकून गेली.

"तिसऱ्यांदा विचारलंच नाही," संध्याकाळी त्याने लव्हॉनला सांगितलं.

"मग उद्या तू विचार."

"मी? व्हॅन त्याची, आणि तोंड वेंगाडून मी मागू?"

"नाहीतर मी आर्डिसला फोन करते." आर्डिस म्हणजे गेलनची बायको.

"खबरदार! फोन केलास तर मी कारखान्यात चालत जाईन."

इकडे गेलनच्या घरीही तेच. आर्डिस म्हणाली, "उद्या पुन्हा विचार की."

"कसं विचारू? दोनदा नको म्हणाला. आता नव्याने विचारलं तर त्याला वाटेल, याला माझी मोटरसायकल बघवत नाही."

"पण गारठून मरेल तो!"

"त्याची मर्जी. मी माणसाचा अपमान करणार नाही."

अशी ती दोन भली माणसं एकमेकांचा मान राखत बसली. रोज सकाळी व्हॅन मोटरसायकलला मागे टाकायची. गेलन स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचा, वर्लिन हँडलवरचं एक बोट उचलायचा. एवढा राम राम पुरे असतो नॉर्डबीत. डिसेंबर लागला तसं वर्लिनचं बोट उचलेनासं झालं. मोज्याच्या आत काही होतं की नाही तेच त्याला कळत नव्हतं. गेलन घरी जाऊन आर्डिसला म्हणाला, "आज त्याने बोट उचललं नाही. रागावलाय."

त्यात भर घातली पास्टरबाईंनी. क्रिस्टाबाई नव्या, तरुण, मनाने लोण्यासारख्या. नाताळच्या आधीच्या रविवारांत साधेपणावर प्रवचन देताना त्या म्हणाल्या, "आपल्यातच एक जण आहेत. कडाक्याच्या थंडीत, कसलाही डामडौल न करता, मिळेल ते वाहन घेऊन कामावर जातात. येशू गाढवावरूनच आला होता, हे आपण विसरतो." सगळं चर्च वळून वर्लिनच्या कानांकडे बघू लागलं. कान आधीच लाल होते, आता जांभळे झाले. देवाच्या घरात देवाची स्तुती करायची असते. माणसाची केली की तो माणूस मोठा होत नाही, अडकतो. प्रवचनानंतर वर्लिनला ट्रक बाहेर काढणं म्हणजे गाढवावरून उतरून येशूने रथ मागवण्यासारखं झालं. कोठारात एक ट्रक ताडपत्रीखाली उबेत झोपलाय, हे पास्टरबाईंना कोणी सांगितलं नाही. सांगणं बरं दिसलं नसतं.

खाली तळघरात कॉफीचा कप दोन्ही तळव्यांत धरून वर्लिन मुद्दामच गेलनशेजारी जाऊन उभा राहिला.

"आज गारठा आहे," वर्लिन म्हणाला.

"आहे खरा."

"उद्या जास्त म्हणे."

"असं म्हणतायत."

दोघांनी एकेक घोट घेतला.

"तुझ्या व्हॅनचा हीटर कसा आहे?"

"चांगला आहे." गेलनने घाम पुसला. आता विचारावं, असं त्याच्या अगदी मनात आलं. पण बाजूला पास्टरबाई उभ्या, वर्लिनकडे कौतुकाने बघतायत. त्यांच्यादेखत त्याला मोहात पाडायचं? "कधी कधी तर फारच गरम होतं आत. काच उघडावी लागते."

"बरं," वर्लिन म्हणाला.

"बरं," गेलन म्हणाला. आणि दोघं शेवटची लिंबाची वडी अर्धी कापायला गेले.

त्याच आठवड्यात कारखान्यात वर्लिनच्या हातून काच पडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. घट्ट धरली आहे असं त्याला वाटत होतं, आणि ती पायाशी फुटलेली दिसली तेव्हा कळलं की बोटांनी ती कधीच सोडून दिली होती. घरी लव्हॉनने हातमोजा ओढून काढला. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं मेणबत्तीसारखी पांढरी होती. तिने एक शब्द काढला नाही. त्याला गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. तेवढ्या वाटेत वर्लिन घाबरला तो त्या न बोलण्याला.

दवाखान्यातली डॉक्टरीण मोठ्या शहरातून आलेली, बोलायला सरळ.

"ही दोन बोटं आत्ता वाचतील. अजून एकदा अशी गोठली तर मी काही करू शकणार नाही. कापावी लागतील."

"बरं."

"बरं म्हणजे काय?"

"म्हणजे ऐकलं."

"तुमच्याकडे गाडी नाहीये का?"

"आहे ना. ट्रक आहे. नवाच आहे."

"मग?"

"मीठ असतं रस्त्यावर."

डॉक्टरणीने लव्हॉनकडे बघितलं. लव्हॉन म्हणाली, "त्याच्यावर औषध लिहू नका, बाई. आजार खानदानी आहे."

परतताना मात्र तिचा बांध फुटला. "मी आश्रमात रोज लोकांच्या शर्टाची बटणं लावते, वर्लिन. ते म्हातारे नजर चुकवतात तेव्हा. तुझीही लावीन. पण तू म्हातारा होऊन लावून घे. हौसेने नको."

वर्लिनने रस्त्याकडे बघितलं. रस्ता मिठाने पांढरा झाला होता. "उद्या ट्रक काढतो," तो म्हणाला. त्याचा आवाज असा होता की जणू पोरगी सासरी पाठवायचं कबूल केलं. झोपताना त्याने देवाला मागणंही घातलं, की बाबा रे, बोटं तुझी आहेत, सांभाळ, पण जमलंच तर एवढा एक आठवडा मीठ कमी पडू दे.

देवाने ऐकलं, असं म्हणायला जागा आहे. कारण सकाळी वर्लिनने ताडपत्री काढली, गोधडी उचलली, आणि तिच्यातून एक उंदीर शांतपणे उतरून चालता झाला.

लेकरासारखा झाकलेला ट्रक उंदरांना फार मानवला होता. त्यांनी पुढच्या सीटमधला कापूस काढून इंजिनाजवळ घरटी केली होती आणि त्यासाठी मधे येणाऱ्या सगळ्या तारा कुरतडून बाजूला केल्या होत्या. किल्ली फिरवली तर ट्रकने हूं की चूं केलं नाही. वर्लिन सवयीने मागच्या चाकाशी वाकला. नवा गंज मात्र औषधालाही नव्हता.

लव्हॉन कधीच कामावर गेली होती. बाहेर इतकी थंडी होती की श्वास घेताना नाकातले केस कडकड मोडत होते. वर्लिन मोटरसायकलजवळ गेला. बँडेजवर लोकरी मोजा, मोज्यावर कातडी मोजा, तरी हँडलला हात लावल्याबरोबर त्या दोन बोटांत सुईसारखी कळ गेली. त्याने हात काढून घेतला. कामावर जायचं, नाहीतर एक दिवसाची रजा टाकायची. पण उद्या काय, परवा काय? हिवाळा अजून अख्खा पुढे होता. त्याने मोज्यातल्या मोज्यात बोटं मोजून बघितली. होती सगळी.

तो चालत रस्त्यापर्यंत गेला आणि टपालपेटीजवळ उभा राहिला, मोटरसायकलशिवाय. मनाशी म्हणाला, की असं उभं राहिलेलं बघून कोणीही थांबेल. काही बोलावं लागणार नाही.

व्हॅन आली. गेलनने त्याला बघितलं. मनात म्हणाला, टपाल बघायला आलाय वाटतं, भल्या पहाटे. रागात आहे, आपण कशाला टोकायचं? त्याने एक बोट उचललं आणि व्हॅन पुढे गेली.

मागचा लाल दिवा लहान होत चाललेला वर्लिनने बघितला. आणि मग टॉफ्टे घराण्यात कोणी कधी केलं नव्हतं ते त्याने केलं. अंगावरच्या चार थरांसकट तो रस्त्याच्या मधोमध धावत सुटला आणि सगळ्या नॉर्डबीला ऐकू जाईल असा ओरडला, "गेलन! अरे थांब! मला ने!"

व्हॅन घसरत थांबली. गेलन काच खाली करायच्या आधीच बोलायला लागला होता. "काय झालं? लव्हॉन बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मग आग लागली का कुठे?"

"नाही. मला यायचंय. व्हॅनमधून. कामावर."

मग मर्नाने दार सरकवलं. वर्लिन आत शिरला आणि रिकाम्या जागेवर बसला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की रोली आणि मर्ना दोघंही जेवणाचे डबे मांडीवर घेऊन बसली होती, आणि इतकी मोठी सीट मोकळी होती.

"महिनाभर असाच बसलोय," रोली कुरकुरला. "गुडघे आखडले. हा गेलन तिथे डबा ठेवू देत नाही. म्हणतो, ती वर्लिनची जागा आहे."

गेलन समोर बघून गाडी चालवत होता. त्याची मान लाल झाली. "तू रागावला होतास," तो म्हणाला.

"मी? कधी?"

"बोट उचलायचं बंद केलंस."

"अरे, उचलत नव्हतं ते, गेलन. बधिर झालं होतं."

हीटर घरघरत होता. वर्लिनची बोटं उबेत आली आणि दुखायला लागली. आधी मुंग्या, मग आग, मग असा ठणका की डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मर्ना एका खिडकीतून शेतं बघू लागली, रोली दुसऱ्या. शेतात बर्फाशिवाय काही नव्हतं, पण दोघांनी ते फार मन लावून बघितलं. डॉक्टरणीने सांगितलं होतं, दुखलं तर चांगलं. वर्लिनने दुखू दिलं आणि मनातल्या मनात देवाचे आभार मानले. मिठाबद्दल बोलायचं त्याला सुचलं नाही.

कारखान्याच्या फाटकाशी गेलनने घसा साफ केला. "उद्याही येशील का?"

'छे छे, तुम्हाला उगाच अडचण' अगदी दातांपर्यंत आलं. वर्लिनने बँडेजकडे बघितलं.

"हो," तो म्हणाला.

कोणी शिवी दिल्यासारखी मर्ना वळून बघू लागली. रोलीला ठसका लागला.

"नाही म्हणजे," गेलन चाचरला, "तुला हवं तर मी पुन्हा विचारतो..."

"नको विचारूस. हो म्हटलं ना. आणि पेट्रोलचा माझा वाटा घ्यायचा."

"छे छे, वाटा कसला..."

"गेलन."

"बरं," गेलन म्हणाला.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. उंदरांनी ट्रक खाल्ला त्याचं कोणाला काही वाटलं नाही, उंदीर सगळ्यांकडेच असतात. पण वर्लिन टॉफ्टे पहिल्याच खेपेला हो म्हणाला, ही बातमी ऐकून लोक काळजीत पडले. अंधार पडायच्या आत आर्डिस दारात उभी. हातात फडक्यात गुंडाळलेलं हॉटडिशचं भांडं, बटाटे, खिमा, वरून चीज. नॉर्डबीत असं भांडं घेऊन लोक दारात येतात ते घरात कोणी गेलं तर किंवा जायच्या वाटेवर असलं तर.

"अगं बाई, हे कशाला?" लव्हॉन म्हणाली.

आर्डिसने आवाज खाली आणला. "डॉक्टर नक्की काय म्हणाली गं? मेंदूचं काही आहे का?"

"बोटांचं आहे."

"नुसतं बोटांचं?" आर्डिसचा विश्वास बसेना. तिच्यामागे फाटकातून पास्टरबाई येत होत्या, दुसरं भांडं घेऊन, चेहरा प्रार्थनेचा करून.

लव्हॉनने दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतलं, आणि आत आली. वर्लिन डाव्या हातात काटा धरून टेबलाशी तयारच बसला होता. पहिलं भांडं त्याने अर्ध्यावर आणलं. मग कोणी आग्रह करायची वाट न बघता दुसऱ्याचं झाकण उघडून स्वतःच वाढून घेतलं.

लव्हॉन त्याच्याकडे बघत राहिली.

"दुखतंय का?" तिने विचारलं.

"खूप," वर्लिन म्हणाला, आणि तिच्यापुढे हात धरला. तिने त्याच्या शर्टाच्या बाहीचं बटण सोडलं, बाही वर सारली आणि त्याला जेवू दिलं.